चोरीला, गहाळ आणि एक पितळी नळ

अंगणातला नळ चोरीला गेला तेव्हा आम्ही हसलो होतो. सकाळी पाणी सुटलं आणि भिंतीतून डोकावणाऱ्या उघड्या पाइपातून धार थेट मोगऱ्याच्या कुंडीवर आदळायला लागली. वाटलं, नळ निखळून पडला असेल. ओणवी होऊन अर्धा तास अंगणभर शोधला. जुना पितळी नळ, कितीही आवळला तरी ठिबकणारा, म्हणून मानेभोवती लाल लोकर गुंडाळलेला. तो कुणी चोरून नेईल हे डोक्यातच आलं नाही. शेजारच्या काकू कुंपणापलीकडून म्हणाल्या, "अगं, माझाही गेला मागच्या महिन्यात. आता नळ गेला म्हणून सांगायचं कुणाला?"

मी मुद्रितशोधक आहे. दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका काढणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. काम घरूनच. खिडकीशी टेबल, खिडकीसमोर गल्ली. अडतीस घरं. गल्लीचं एक टोक मोठ्या रस्त्याला मिळतं आणि दुसरं नाल्याच्या भिंतीला. त्या भिंतीला एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी फट होती. तिची गोष्ट पुढे येईलच.

नळांनंतर पाण्याचे दोन मीटर गेले. मग गणिताच्या सरांच्या स्कूटरची बॅटरी. मग सायकली. मग एके दिवशी खिडकीच्या गजांतून काठी घालून कुणीतरी टेबलावरची पर्स ओढून नेली, आत मोबाईल. ही खिडकी माझी, टेबल माझं, पर्सही माझी. मी मागे कपडे वाळत घालत होते. नळ जाऊन जेमतेम पाच आठवडे झाले होते.

त्या संध्याकाळपासून गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा सूरच बदलला. एरवी तिथे पाणी कधी येणार आणि कुणाची गाडी कुणाच्या फाटकासमोर आहे एवढंच चालायचं. आता रात्री अकरानंतर मेसेज सुरू व्हायचे. कुणीतरी कुठल्यातरी शहरातला, कुठल्यातरी वर्षातला सीसीटीव्हीचा तुकडा टाकायचं आणि खाली लिहायचं, "सावध राहा, टोळी आपल्याच भागात आहे." पोलिसांना शिव्या तर रोजच्या. शेवटी सर म्हणाले, शिव्या देऊन झाल्या असतील तर ठाण्यात जाऊ या.

पाच जण गेलो. सरांनी घरून कागदावर मुद्दे लिहून आणले होते. पहिला मुद्दा, "वर्षभरात अकरा चोऱ्या होऊनही पोलीस निष्क्रिय." मोठ्या साहेबांनी ते शांतपणे ऐकून घेतलं, मग बाजूच्या हवालदार मॅडमना संगणकावर आमच्या गल्लीच्या नोंदी काढायला सांगितलं. मॅडमनी स्क्रीन आमच्याकडे वळवली. वर्षभरात चोरीची नोंद एक, सरांच्या बॅटरीची.

"बाकीच्या दहा कुठे आहेत?" साहेबांनी विचारलं.

आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. हिशेब तिथेच मांडला गेला. सहा घरांनी कुणाला काही कळवलंच नव्हतं, त्यात काकूंचा नळ आणि माझा नळ. दोघे जण ठाण्यात येऊन बाकावर तासभर बसले आणि बिल आणा म्हटल्यावर घरी गेले ते परत आलेच नाहीत. आणि दोघांनी अर्ज दिला होता, पण तो चोरीचा नव्हता, "गहाळ" झाल्याचा होता.

त्या दोघांतली एक मी.

हे लिहायला मला अजून जड जातं. मोबाईल गेल्यावर नवीन सिमसाठी दाखला हवा होता. मी जिथे गेले तिथे टेबलामागच्या माणसाने अगदी आपुलकीने सांगितलं, "मॅडम, चोरीची फिर्याद दिलीत तर पंचनामा, जबाब, पुढे कोर्टाच्या खेपा. हरवला म्हणा, आत्ता लगेच दाखला देतो." मी "गहाळ" या शब्दाखाली सही केली. शब्दाचा अर्थ मला ठाऊक होता. गहाळ म्हणजे माझ्याच हातून, माझ्याच चुकीने नाहीसं झालेलं. खिडकीतून काठी घालून ओढून नेलेल्या वस्तूला तो शब्द लागत नाही. दुसऱ्याच्या पानावर तो दिसला असता तर मी लाल शाईने खोडला असता.

साहेब काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "गस्तीची गाडी एक आणि गल्ल्या शंभर. जिथे नोंदी जास्त, तिथे ती जास्त फिरते. तुमची गल्ली माझ्या नकाशावर सगळ्यात सज्जन आहे." सरांनी कागदाची घडी करून खिशात टाकली.

ताळ्यावर यायला एवढं पुरलं असतं. आलो नाही. मॅडम निरोप देताना म्हणाल्या होत्या, रात्रीची गस्त वगैरे घाईने सुरू करू नका, मी येऊन बोलते. आम्ही दुसऱ्याच रात्रीपासून सुरू केली. शिट्ट्या आल्या, विजेऱ्या आल्या, वेळापत्रक झालं. पहिल्या रात्री चौदा जण होते आणि एवढा दंगा होता की चोर सोडा, पाहुणासुद्धा गल्लीत शिरला नसता. चौथ्या रात्री सहा उरले.

त्याच चौथ्या रात्री पावणेदोनला मला झोप येत नव्हती म्हणून खिडकीशी उभी होते. नाल्याच्या बाजूने एक जण भरभर येताना दिसला. डोक्यावर टोपी, पाठीवर पिशवी. मी ग्रुपवर लिहिलं, "भिंतीजवळ संशयास्पद इसम." तीन शब्द, शुद्धलेखनासकट बिनचूक.

चार मिनिटांत दहा-बारा माणसं जमली. त्याची कॉलर कुणी धरली ते अंधारात दिसलं नाही, म्हणजे पुढे कुणी कबूल केलं नाही. पिशवी जमिनीवर ओतली गेली. आत कामाचा गणवेश, बुटांचा जोड, टॉवेल आणि ओळखपत्र. तो शेवटच्या घराच्या वरच्या खोलीत तीन आठवड्यांपासून भाड्याने राहत होता आणि दुसऱ्या पाळीचं काम संपवून घरी चालला होता. "मी इथेच राहतो," असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता आणि आमच्यातल्या एकालाही त्याचा चेहरा माहीत नव्हता. घरमालक खाली आले तेव्हा कुठे कॉलर सुटली. त्याने आमच्याविरुद्ध तक्रार केली नाही. करू शकला असता, आणि ती नोंद चोरीच्या एकुलत्या एका नोंदीच्या शेजारी बसली असती.

मी खिडकीतून हलले नव्हते. पहाटेपर्यंत मला राईनपाडा आठवत राहिलं. १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातलं ते गाव, आणि मुलं पळवणारी टोळी असल्याच्या अफवेवरून जमावाने ठार मारलेले भटक्या समाजातले पाच जण. तेव्हा मी वर्तमानपत्र वाचून म्हटलं होतं, माणसं अशी कशी वागू शकतात. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणायला घेतली. मी तर एकाच ठिकाणी पाठवला होता.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. चिडलेल्या होत्या, पण आवाज चढवला नाही. सरांच्या पडवीत बसून त्यांनी माझा मेसेज मोठ्याने वाचला.

"इसम काय करत होता?"

"चालत होता."

"आणखी?"

"पाठीवर पिशवी होती."

"म्हणजे पिशवी घेऊन चालत होता. यात संशयास्पद काय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मॅडम म्हणाल्या, तुम्ही माणसाचं वर्णन करता, मला कृती सांगा. कुणी कुलूप हलवून बघतोय, तीन घरांच्या बेल वाजवून दार उघडल्यावर भलत्याच माणसाचं नाव विचारतोय, बंद घराच्या कुंपणावरून आत उतरतोय, हे सांगा. कुठून कुठे गेला, गाडी असेल तर नंबर, नंबराचे चारच आकडे दिसले तर चारच. ते ११२ ला आधी, ग्रुपवर नंतर. आणि पाठलाग नाही. पळणाऱ्याच्या हातात काय आहे ते तुम्हाला माहीत नसतं, आणि तुमच्या जमावात कोण काय करेल तेही माहीत नसतं. हे शेवटचं वाक्य बोलताना त्या कुणाकडेच बघत नव्हत्या.

त्या दिवशी गस्त बंद झाली आणि मला काम मिळालं. ग्रुपवर चोरीबद्दल काही टाकायचं तर आधी मला पाठवायचं. "संशयास्पद", "त्या लोकांसारखा दिसणारा", "बाहेरचा", हे शब्द मी काढून टाकते आणि विचारते, काय करत होता? बहुतेक वेळा मेसेजच उरत नाही. दोघा-तिघांना राग आला, एकाने ग्रुप सोडला. असो.

दुसरं काम वहीचं. अकरा चोऱ्यांची माहिती घरोघर जाऊन लिहून घ्यायची. मला वाटलं होतं दोन संध्याकाळी पुरतील, आठ दिवस गेले. कारण प्रत्येक जण सांगायचा, "रात्री झाली चोरी." कशावरून? "सकाळी कळलं ना!" मग मी विचारायचे, वस्तू शेवटची कधी पाहिलीत? इथे माणसं थबकायची. काकूंनी नळ आदल्या सकाळी वापरला होता, नंतर पाणीच नव्हतं, म्हणजे मधले चोवीस तास उघडे. दहावीतल्या मुलीने सायकल शाळेतून येऊन जिन्याखाली ठेवली ती दोन दिवसांनी बघितली, मध्ये सुट्टी होती. माझ्या नळाचंही तेच. मीसुद्धा सगळ्यांना "रात्री" म्हणूनच सांगत होते.

ही वही सरांच्या हातात गेली आणि त्यांना निवृत्तीनंतर पहिल्यांदा खरं काम मिळालं. त्यांनी दिवसाचे चोवीस रकाने आखले. ज्या चोरीची वेळ चोवीस तासांत कुठेही असू शकते तिचा प्रत्येक रकान्यात एक चोविसांश भाग, जिची दोन तासांत नक्की झाली आहे तिचा त्या दोन रकान्यांत अर्धा-अर्धा. अकराही चोऱ्यांची अशी वाटणी करून बेरीज केली. (पुढे त्यांना कळलं की गुन्ह्यांचं विश्लेषण करणारे लोकही हीच रीत वापरतात. त्यावर ते आठवडाभर खूश होते.) बेरजेचा ढीग दुपारी बारा ते चारच्या रकान्यांत जमला. आम्ही मध्यरात्री शिट्ट्या फुंकत होतो आणि चोऱ्या, निदान बऱ्याचशा, भर दुपारी होत होत्या. तेव्हा मोठी माणसं कामावर, मुलं शाळेत आणि म्हातारी माणसं झोपलेली असतात.

मग त्यांनी गल्लीचा नकाशा काढून त्यावर ठिपके मांडले. अकरापैकी सात ठिपके नाल्याच्या टोकाला, त्या फटीपासून पंधरा-वीस पावलांत.

भिंत काही पोलिसांची नसते. आम्ही नगरपालिकेला आधी दोन अर्ज दिले होते, ते कुठल्यातरी फायलीत सुखाने होते. या वेळी नकाशा जोडला, वेळांचा तक्ता जोडला, आणि त्यावर साहेबांनी ठाण्याचं पत्र दिलं. सव्वा महिन्यात गवंडी आला. पोलिसांबरोबर काम करण्याचा एवढा सरळ फायदा दुसरा मी पाहिला नाही. चोर पकडण्यापेक्षा त्यांच्या शिक्क्याने दुसऱ्या कार्यालयातला कागद हलतो.

फट बुजल्याच्या दुसऱ्या दिवशी चार घरी कामाला येणाऱ्या मावशी वीस मिनिटं उशिरा आल्या. त्या नाल्यापलीकडे राहतात आणि रोज त्या फटीतून यायच्या. आता मोठ्या रस्त्याने वळसा. "सांगायचं तरी होतं, ताई," एवढंच म्हणाल्या. बैठकांना आम्ही त्यांना बोलावलं नव्हतं. तसं ते कुणाला सुचलंही नव्हतं. पुसता पुसता त्या पुढे म्हणाल्या की दोन पोरं पक्कड घेऊन त्या भिंतीपाशी दुपारी बसलेली त्यांनी दोनदा पाहिली होती. एकदा त्यांना वाटलं पाण्याच्या लाइनीवर काम करणारी असतील.

मी फडकं त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि त्यांना खुर्चीवर बसवलं. दुपारी बारा ते चार गल्लीत जागं कोण असतं? कामाच्या मावशी, कुरिअरची मुलं, कचरा उचलणारे दादा, इस्त्रीवाले. आम्ही अकरा घरं पालथी घातली आणि ज्यांनी गल्ली उघड्या डोळ्यांनी पाहिली त्यांना एक प्रश्न विचारला नाही. उलट पर्स गेली तेव्हा ग्रुपवर पहिला सल्ला होता, "कामवाल्यांवर लक्ष ठेवा." मावशींचा जबाब मॅडमनी त्यांच्या सवडीने, माझ्या घरी येऊन घेतला. ठाण्यात यायला त्या तयार नव्हत्या आणि मॅडमना त्याचं नवल वाटलं नाही.

याच काळात सरांना वाचनाचा नाद लागला. एका बैठकीत ते उभे राहून म्हणाले, लंडनचं पोलीस दल १८२९ मध्ये उभं करणाऱ्या रॉबर्ट पीलने म्हटलंय, पोलीस म्हणजेच जनता आणि जनता म्हणजेच पोलीस. वाक्य छान आहे. पण अवतरणचिन्हं दिसली की मला मूळ बघितल्याशिवाय चैन पडत नाही. ती नऊ तत्त्वं आज वाचतो त्या रूपात चार्ल्स रीथ या इतिहासकाराने विसाव्या शतकात मांडलेली आहेत, पीलच्या लेखणीतून उतरलेली नाहीत. सरांना हे सांगितलं तर म्हणाले, "तुम्हाला चोर सापडला की तुम्ही त्याचा जन्मदाखला मागाल."

त्यांची दुसरी गोष्ट मात्र कामाची निघाली. मँचेस्टरजवळ रॉचडेल म्हणून गाव आहे, तिथल्या कर्कहोल्ट वसाहतीत १९८० च्या दशकात घरफोड्यांचा सुळसुळाट होता. अभ्यासकांनी नोंदी तपासल्या तर दिसलं की एकदा फुटलेलं घर पुन्हा फुटण्याची शक्यता इतरांपेक्षा खूप जास्त होती. चोराला वाट माहीत झालेली असते, आत काय आहे ते कळलेलं असतं, आणि गेलेल्या वस्तूच्या जागी नवी आलेली असते. तिथे घराघरात नाणी टाकून चालणारे वीज-गॅसचे मीटर होते, म्हणजे घरात आयता गल्लाच. ते मीटर बदलले, आणि घर फुटलं की आजूबाजूच्या पाच-सहा घरांनी त्या घरावर लक्ष ठेवायचं ठरवलं. कोशात अळी असते तसं ते घर मध्ये. तीन वर्षांत घरफोड्या आधीच्या सुमारे चौथाईवर आल्या.

हे ऐकताना मला माझं अंगण दिसलं. नळ काढायला जो खाली वाकला असेल, त्याला मान वर केल्यावर समोर माझी खिडकी आणि तिच्याआतलं टेबल दिसलंच असणार. पहिल्या चोरीवर मी हसले आणि पाच आठवड्यांनी पर्स गेली. नळाची गोष्ट तेव्हाच समोरच्या दोन घरांना सांगितली असती तर? माहीत नाही. पण आता आमच्याकडे चोरी झाली की ते घर मध्ये धरून सहा घरं महिनाभर दुपारच्या पाळ्या वाटून घेतात. पाळी म्हणजे फार काही नाही. पुस्तक घेऊन दारात बसायचं, कुणी आलं की "कोण हवंय?" विचारायचं. भल्या माणसाला या प्रश्नाने मदत होते, उरलेल्यांची पंचाईत होते. शेजारपहाऱ्याच्या बऱ्याच प्रयोगांचा एक एकत्रित आढावा २००८ साली निघाला, त्यात अशा भागांमध्ये गुन्हे १६ ते २६ टक्क्यांनी कमी झाल्याचं आढळलं. सरांनी हा आकडा सांगितला तेव्हा तरुण मंडळी जरा हिरमुसली. त्यांना शंभर हवे होते.

कॅमेऱ्यांचं थोडक्यात सांगते, कारण त्यावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि हाती सगळ्यात कमी आलं. चार घरांवर मिळून सहा कॅमेरे. पर्स गेली त्या दिवसाचं चित्रण मॅडमनी मागितलं. एकाची वायर निघालेली. दोघांचं तोंड मालकांच्या गाडीकडे. एकाच्या समोर झाडाची फांदी वाढलेली, त्यामुळे पानांचं उत्तम चित्रण. पाचव्याच्या यंत्रात सात दिवसांनी जुन्यावर नवं रेकॉर्ड होतं, आणि आम्ही मागायला गेलो नवव्या दिवशी. सहाव्यात एक सायकलवाला दिसला, पण घड्याळ सत्तेचाळीस मिनिटं पुढे. ते मालक घाईघाईने घड्याळ बरोबर करायला निघाले तर मॅडम जवळजवळ ओरडल्याच. आधी त्या स्क्रीनचा आणि शेजारी धरलेल्या मोबाईलच्या घड्याळाचा एकत्र फोटो काढा, फरक लिहून ठेवा, मग हवं तर बदला. नाहीतर कोर्टात ती सत्तेचाळीस मिनिटं कुठे गेली ते कोण सांगणार? आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सर सहाही घड्याळं तपासतात आणि फांद्या छाटतात. कॅमेरा दुसऱ्याच्या खिडकीत बघणार नाही हेही तपासतात, त्यावरून एक भांडण झालंच होतं.

वहीची शेवटची पानं आकड्यांची आहेत. मोबाईलवर स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबलं की पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक दिसतो, तो प्रत्येक घराने आपापल्या घरी लिहून ठेवायचा. सायकलचा क्रमांक बहुधा पायडलच्या दांड्याखाली फ्रेमवर कोरलेला असतो, सायकल उलटी केल्याशिवाय दिसत नाही. मॅडमनी आम्हाला ठाण्याच्या मागच्या आवारात नेलं होतं. गंजत पडलेल्या सायकलींची रांग. "सापडलेल्या आहेत," त्या म्हणाल्या, "कुणाच्या ते सिद्ध होत नाही." दहावीतल्या मुलीला त्या रांगेत तिची सायकल दिसली. बिल नव्हतं. पण एकदा चेन पडली म्हणून तिने सायकल उलटी ठेवून मैत्रिणीला फोटो पाठवला होता, चेन कशी बसवायची विचारायला. त्या फोटोच्या कोपऱ्यात क्रमांक वाचता येत होता. कागदपत्रं होऊन सायकल मिळायला दोन महिने लागले. तोवर तिची परीक्षाही झाली होती.

चोऱ्या थांबल्या का? सगळे हेच विचारतात. भिंत बुजल्यापासून आठ महिन्यांत तीन झाल्या. तिन्हींची फिर्याद दिली, तिन्ही "चोरी" म्हणून नोंदल्या गेल्या, मी शब्द वाचून खात्री केली. म्हणजे कागदावर बघाल तर आमच्या गल्लीत आधी वर्षाला एक चोरी होती, आता आठ महिन्यांत तीन. साहेबांना वरच्या बैठकीत या वाढीचं उत्तर द्यावं लागलं म्हणे. "गहाळ" लिहून द्या म्हणणाऱ्या त्या माणसाची आपुलकी कुठून आली होती ते मला तेव्हा समजलं. साहेबांनी मात्र नोंदी कमी करा असं आम्हाला एकदाही सुचवलं नाही. बदली होईपर्यंत तरी नाही. नवे साहेब आलेत, त्यांना अजून भेटायचंय.

शेवटच्या घरातला तो भाडेकरू अजून तिथेच राहतो. मी एकदा जाऊन माफी मागितली. तो म्हणाला, "ठीक आहे." रात्री येताना आता तो गल्लीच्या मधोमध, दिव्याखालून, मोबाईलवर मोठ्याने बोलत येतो. पलीकडे कुणी असतं की नाही कोण जाणे.

गेल्या महिन्यात मॅडमचा फोन आला. भंगाराच्या एका गोदामातून पोत्यात नळ सापडलेत, ओळखायला या. सहा घरांतले आम्ही गेलो. टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर चौदा पितळी नळ ओळीने मांडले होते. आम्ही त्यांच्यासमोर गंभीर चेहऱ्याने उभे. वर्षानुवर्षं रोज हातात धरलेली वस्तू, आणि एकालाही आपला नळ सांगता येईना. काकूंनी तीन नळ उचलून पाहिले. सर म्हणाले, "माझा जरा जड होता." मॅडमनी खालचा ओठ दाताखाली धरला.

डावीकडून पाचव्याच्या मानेत लाल लोकरीचे दोन-तीन तंतू अडकलेले होते.

मॅडमनी नोंद लिहून कागद सहीसाठी पुढे सरकवला. "जुना वापरता पितळी नळ, मानेस लाल दोरा गुंडाळलेला." मी म्हटलं, "दोरा नाही, लोकर." त्या म्हणाल्या, "ताई, दोरा काय अन् लोकर काय." मी पेन खाली ठेवलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग "दोरा" शब्दावर एक रेघ मारली, वर "लोकर" लिहिलं आणि बाजूला छोटी सही केली.

नळ अजून मुद्देमालातच आहे, तो सोडवायला कोर्टात अर्ज करावा लागेल. भिंतीला सध्या प्लॅस्टिकचा लावलाय. तोही ठिबकतो. त्याला निळी लोकर गुंडाळली आहे आणि तशी वहीत नोंद केली आहे.